कार्बनच्या कापडावरचा थेंब

अंबरनाथच्या एमआयडीसीत, आमच्या छोट्याशा कारखान्यात, मी सुपरकपॅसिटरसाठी कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड तयार करते. सुपरकपॅसिटर हा बॅटरीचा चुलतभाऊ; चटकन भरतो, चटकन रिकामा होतो. हे कापड मुळात पाण्याला दारात उभं करत नाही. म्हणून ते लोखंडी पेटीत ठेवायचं, हवा काढून घ्यायची, वायू सोडून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतलेला वायू, पेटवायचा. जांभळा उजेड पडतो आणि धाग्यांवर पाणी आत घेणारा पातळ लेप बसतो. मग पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो आत शिरला तरच कापडात वीज साठणार.

माझा थेंब शिरत नव्हता. गोल गरगरीत होऊन वर बसायचा, जावयासारखा. वायू बदलून झाला, वेळ वाढवून झाली. कारखान्याचे शेठ मनाने चांगले, पण शेवटी व्यापारी.

"मॅडम, अब बस. शनिवारी शहाडची पार्टी येतेय पेटी बघायला. मी पण किती थांबू?"

पेटी विकली गेली की माझं कामही गेलं. पण मला राग शेठचा नव्हता, त्या थेंबाचा होता.

शुक्रवारी टेबलावर चहा सांडला. पेटी पुसायची चिंधी हाताशी होती, तीच टाकली. चहा काही चिंधीत शिरेना, नुसता टेबलभर फिरत राहिला. मी बघतच बसले. आमच्याकडचे कारखाने पुसायला उल्हासनगरच्या जीन्सच्या चिंध्या वापरतात, गोण्याच्या गोण्या येतात. मी उल्हासनगरातच वाढले. आमच्या घरी नवी चिंधी सोड्यात उकळल्याशिवाय कुणी हातात घेत नसे, कारण कापड मऊ करायला लावलेलं रसायन तिला पाणी पिऊ देत नाही. कारखान्यात मात्र गोणी फोडली की चिंधी थेट पेटीत. रोज सकाळी आम्ही मोठ्या निगुतीने पेटी पुसत होतो आणि तेच रसायन आतून माखत होतो; प्लाझ्मा पेटला की ते उडून माझ्या कापडावर बसत होतं.

मेडिकलमधून जखमेवर बांधायचा स्वच्छ गॉज आणला. स्पिरिटने पेटी कोपऱ्यान् कोपरा घासली, हात भरून आले. मग रिकामीच पेटवून ठेवली, उरलंसुरलं जळून जाऊ दे म्हणून.

शनिवारी शहाडचे गृहस्थ मोजायची टेप उघडत उभे होते, तेव्हा मी पेटीतून नवं कापड काढलं.

"शेठ, एक थेंब बघा, मग खुशाल विका."

थेंब टेकला आणि नाहीसा झाला. जिंकले मी. आनंदाने मी मोठ्याने हसले आणि ते हसू लपवायची मला मुळीच गरज वाटली नाही. शेठनी माझ्याकडून ड्रॉपर काढून घेतला. एक थेंब टाकला, मग दुसरा, मग लहान मुलासारखे टाकतच सुटले. कापड चिंब झालं.

"अहो शेठ, माझा नमुना गेला."

"तो क्या हुआ? दुसरा बनवा," मान वर न करता ते म्हणाले. "पेटी कुठे चाललीय?"

शहाडच्या गृहस्थांनी टेप मिटून खिशात टाकली.