गोळ्यांचा चातुर्मास

आमच्या घरात चातुर्मासात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं अशी रीत होती. वडील कांदा-लसूण सोडत आणि चार महिने कुरकुरत. मी एका वर्षी गूळ सोडला आणि आठव्या दिवशी डब्यात हात घालताना पकडले गेले. आई दरवर्षी वांगं सोडायची. वांगं तिला मुळात आवडतच नसे, त्यामुळे तिच्या नेमाची आम्ही मनसोक्त थट्टा करायचो. पण एका वर्षी तिने वांगं खाल्लं आणि औषध सोडलं. त्या चार महिन्यांबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. वडील कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे होते, मी अकरा-बारा वर्षांची, एकुलती एक. माझा डावा डोळा तिरळा. शाळेत मला सगळे चकणी म्हणत, आणि मीही हात उचलायला कमी करत नसे. दमले की मला एकाचे दोन दिसायचे. शेजारी-शेजारी दोन खांब, दोन गाई. त्याची सवय झाली होती.

आदल्या वर्षी आईच्या गळ्याला मोठी गाठ आली म्हणून मुंबईच्या इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं होतं. गळ्यातली ग्रंथी अख्खी काढून टाकली. डॉक्टरांनी सांगितलं की आता त्या ग्रंथीचं काम गोळी करील, रोज सकाळी घ्यायची, मरेपर्यंत. गोळ्या परदेशातून यायच्या. एका बाटलीच्या पैशात आमचा पंधरा दिवसांचा दुधाचा रतीब भागला असता. अंबरनाथला त्या मिळत नसत. पलीकडे उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थाचं औषधांचं दुकान होतं. एवढ्याशा दुकानात हे दुर्मीळ औषध कसं, याचं वडिलांना नवल वाटे. बाटली आणायचं काम माझं. तो मला बेटी म्हणायचा आणि हातावर बडीशेप ठेवायचा. गोळी मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीची पूड करून बनवतात हे त्यानेच मला सांगितलं आणि मी घरी येऊन आईला. आई हसली. औषधाला कसला आलाय विटाळ, म्हणाली.

चैत्रात ती गोळीचे दोन तुकडे करायला लागली. वडिलांच्या दाढीच्या जुन्या पात्याने, पाटावर, अगदी सुपारी कातरावी तशी. अर्धी आज, अर्धी उद्या. मला बरं वाटतंय, मग अख्खी कशाला, असं तिचं म्हणणं. वडिलांना मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी तिने माझ्याकडून एक नवी बाटली आणवली आणि ती न उघडताच फळीवर ठेवून दिली. येताना खिळ्याला अडकून बाटलीवरच्या कागदाचा कोपरा माझ्या हातून फाटला होता. मला जवळ बसवून तिने सांगितलं की यंदा तिचा नेम वेगळा आहे, मेंढीची वस्तू चार महिने तोंडात घालायची नाही. "कुणाला सांगायचं नाही. बोललेला नेम फळत नाही," ती म्हणाली.

मी मान हलवली. मला त्या गुपिताचा अभिमानच वाटला. अळीमिळी गुपचिळी.

श्रावणात आईला थंडी वाजायला लागली. पावसाचे दिवस, कुणालाही वाजेल. पण उघडीप पडून घामाच्या धारा लागल्या तरी ती शाल पांघरून मागच्या पायरीवर बसायची. तिचे हात पाटीसारखे गार आणि कोरडे झाले. मग चेहरा सुजल्यासारखा भरला, पिवळट झाला. भुवयांची बाहेरची टोकं झडली. मी तिच्याकडे पाहायची तेव्हा काय बदललंय ते पटकन कळत नसे, आणि कळलं की मी नजर दुसरीकडे वळवायची.

मग आवाज बदलला. एका दुपारी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात एक पुरुष बोलत होता. जाड, घोगरा, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. वडील तर कामावर होते. मी दप्तर छातीशी धरून दारात उभी राहिले. आत आई एकटीच होती, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणत होती, "बस ना. पाट घे." मी विचारलं, कुणाशी बोलतेस? तिने उत्तर दिलं नाही. मी हातपाय धुतले, खाल्लं, गणितं केली. दिवेलागणीला ती म्हणाली, "आईशी." तिची आई, म्हणजे माझी आजी, मी जन्मायच्या आधीच गेली होती.

त्यानंतर तिच्या प्रत्येक उत्तराला असाच वेळ लागू लागला. मीठ कुठे आहे असं सकाळी विचारावं आणि दुपारी ती सांगे, "कोनाड्यात." बोलणं आपल्याकडून निघून कुठेतरी लांब जायचं, तिथून उत्तर यायचं.

वडिलांना मी सांगितलं की आई वेगळी दिसते. ते म्हणाले, ऑपरेशननंतरचा अशक्तपणा, दुसरं काय. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते हसून म्हणाले की तुझ्या डोळ्यांनी तुला कोण नीट दिसतंय आजवर. ते दुष्ट नव्हते. कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत जायचे, ओव्हरटाइम करून यायचे, आणि फळीवर औषधाची बाटली भरलेली आहे एवढं पाहून निश्चिंत व्हायचे. दर खेपेला नव्या बाटलीचे पैसे आईच्या हातावर ठेवत होते. त्यांच्या हिशेबी औषध चालूच होतं.

माझ्या डोळ्यांबद्दल आता एक गोष्ट सांगते, पटो न पटो. भाद्रपदात एकदा आई पायरीवर तांदूळ निवडत होती. मी दमलेली होते, त्यामुळे मला दोन आया दिसल्या, नेहमीसारख्या, शेजारी-शेजारी. पण त्यातली एकच तांदूळ निवडत होती. दुसरी हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. असं होत नाही हे मला कळतं. डोळ्यांचे डॉक्टरही तेच म्हणाले. मी डोळे चोळले तेव्हा एकच आई उरली, आणि तिचे हात मांडीवर होते. मी घाबरून विचारलं, "आई, तू मला ओळखतेस ना?"

त्याचं उत्तर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बदलापूरच्या पलीकडून, बारवी नदीच्या अंगाच्या एका पाड्यावरून, एक बाई आमच्याकडे जळणाची मोळी घेऊन यायची. आई तिला नेहमी चहा द्यायची, दोघी बराच वेळ बोलत बसायच्या. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ती आली, मोळी टाकली आणि आईसमोर उकिडवी बसली. बराच वेळ तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग चहा न घेताच उठली. दारात मला हळूच म्हणाली, "पोरी, ही तुजी आय नाय. हिच्यात दुसरीच कोन बसलीया." भगताकडे न्या, असंही तिने सांगितलं. मी तिला शिव्या दिल्या. खरं तर तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, कारण जे दिसत होतं ते बोलून दाखवणारी ती एकटीच होती.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना वडिलांना सर्दी झाली आणि त्यांनी मला बाम आणायला कॅम्पात पाठवलं. चार महिन्यांनी मी त्या दुकानात जात होते. दुपारची वेळ, बराकीत पोत्याच्या पडद्यांमागे माणसं झोपलेली. म्हाताऱ्याने मला ओळखलं. हातातलं काम बाजूला ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी मऊपणाने विचारलं, "बेटी, तेरी अम्मा को गुज़रे कितने दिन हुए?"

मी म्हटलं, आई घरी आहे. हे औषध या भागात आपल्याशिवाय कुणाकडे नाही, गिऱ्हाईक यायचं थांबलं म्हणजे माणूस संपला, असं तो धरून चालला होता. मग त्याने त्या दुर्मीळ औषधाचं कारण सांगितलं. त्याच्या बायकोला हाच आजार होता. कराचीहून बोटीत चढताना सामान मागे राहिलं, त्यात तिच्या गोळ्या राहिल्या. कॅम्पात पोचल्यावर महिनोन् महिने औषध मिळालं नाही. ती याच बराकीत वारली. त्यानंतर ते औषध त्याने दुकानात कधी संपू दिलं नव्हतं.

"पहले ठंड लगती है," तो बोटांवर मोजत म्हणाला. "फिर आवाज़ बदल जाती है. फिर जो मर गए, उनसे बात करती है. फिर सो जाती है, बेटी, और उठती नहीं." आणि माझ्याकडे वाकून त्याने विचारलं, "तेरी अम्मा कहाँ तक पहुँची?"

मी बाम घेतलाच नाही. पळत सुटले. पायात चपला होत्या की नव्हत्या ते आठवत नाही.

आई पायरीवर उन्हात भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली, हलवलं. अंग गार, आणि श्वास इतक्या उशिराने येत होता की प्रत्येक वेळी आता येणारच नाही असं वाटत होतं. नेम मोडला तर आईला काही होईल ही भीती त्या क्षणीही माझ्या मनात होती, हे आज सांगायला लाज वाटते. फळीवरची बाटली उचलून मी कारखान्याच्या फाटकावर गेले आणि पहारेकऱ्याला सांगून वडिलांना बाहेर बोलावलं.

ते चिडूनच आले. बाटली तर भरलेली आहे, म्हणाले. मी फाटलेला कोपरा त्यांच्यापुढे धरला. ही आषाढातली आहे, म्हटलं, आईने एकही गोळी घेतलेली नाही, आणि मला माहीत होतं. वडिलांनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. माझ्या डोळ्यांबद्दल ते त्यानंतर आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत.

डॉक्टरांनी पाव गोळीपासून सुरुवात केली, पाण्यात कुसकरून. घाईने जास्त दिली तर हृदयाला सोसणार नाही, म्हणाले. आम्ही तिला गरम विटा फडक्यात गुंडाळून शेकत होतो. दिवाळीला आमच्याकडे पणतीही लागली नाही. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग तिच्या अंगाला किंचित ऊब आली. आवाजातला तो पुरुष हळूहळू निघून गेला. मार्गशीर्षात एका सकाळी ती माझी वेणी घालत होती. मी काही विचारलेलं नसताना ती मागून म्हणाली, "ओळखते तर. असं काय विचारतेस?"

तो भाद्रपदातला प्रश्न होता. इतके महिने तो तिच्यापाशी होता, आणि तिथून परत यायला तिला तेवढा वेळ लागला होता.

गोळ्यांचे वाचवलेले पैसे फराळाच्या रिकाम्या डब्यात सापडले. वडिलांनी विचारलं कशासाठी, तेव्हा ती आधी मेंढीचंच सांगत राहिली. मग म्हणाली की तिच्या ऑपरेशनच्या वेळी त्याच इस्पितळात तिने एका मुलीचा तिरळा डोळा सरळ झालेला पाहिला होता. खर्च विचारून ठेवला होता. आधीच तिच्या दुखण्यात एवढा पैसा गेलेला, त्यात वडिलांकडे आणखी कसा मागायचा? आणि देवाच्या नावाने सोडलं तर देव सांभाळून घेईल, असं तिला वाटलं होतं. मला माया वाटायला हवी होती. मला भयंकर राग आला. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. कुणी मागितला होता सरळ डोळा? मला दोन दिसले तरी चाललं असतं, पण त्या दोन्ही आया असायला हव्या होत्या.

तरी ऑपरेशन झालं, पुढच्या उन्हाळ्यात, त्या डब्यातल्या पैशांत वडिलांनी भर घालून. पट्ट्या बांधलेल्या दिवसांत मी एकच विचार करत होते. आता मला दोन दिसणार नाहीत. मग पायरीवर मांडीवर हात ठेवून बसलेली ती दुसरी कुठे जाईल? आणि राहील ती कोणती?

पट्टी काढली तेव्हा उजेडाने डोळ्यांतून पाणी आलं. पाणी ओसरल्यावर खाटेच्या कडेला एकच बाई बसलेली दिसली. भुवयांना नवे बारीक केस आलेले, कपाळावर घाम. मला हात लावायचा धीर होईना.

"आई, तूच आहेस ना?" मी विचारलं.

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "मीच."