कान्हेरीच्या लेण्यात मला मार भेटला

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा वरचा आवाज गेला, तो परत आलाच नाही. मुलुंडच्या आमच्या भजनी मंडळात अठरा वर्षं मीच मुख्य गायिका होते. आता तो मान माझ्या धाकट्या जावेकडे, वैशालीकडे गेला. मी देवाशी अबोला धरला. पूजा व्हायची, पण मनात एकच प्रश्न असायचा, माझ्याच गळ्यावर का? तोंडाने मात्र सगळ्यांना सांगायचे, "वैशाली छानच गाते हो." हे म्हणताना मनात तिच्या चुका मोजत असायचे.

गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांना गेली. गुडघ्यांचं निमित्त करून मी मागे राहिले आणि एका छोट्या लेण्यात दगडी बाकावर टेकले. तिथे पांढरी साडी नेसलेल्या, सत्तरीच्या एक बाई आधीच बसल्या होत्या. घाटकोपरहून आपल्या विहारातल्या बायकांबरोबर आल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी राजगिऱ्याची वडी पुढे केली आणि सरळच विचारलं, "कुणावर रुसलात?" कसं कोण जाणे, मी त्यांच्यापुढे सगळं बोलून गेले.

भिंतीवरच्या बुद्धमूर्तीकडे बघत त्या म्हणाल्या, "ताई, माराची, त्या मोहात पाडणाऱ्या राक्षसाची गोष्ट ठाऊक आहे ना? बुद्धांना ध्यानातून उठवायला सैन्य घेऊन आला होता तो. हरला. पण गंमत बघा, हरल्यावरही येतच राहिला. कधी हत्ती होऊन, कधी शेतकरी होऊन. बुद्ध काही काठी घेऊन मागे धावले नाहीत. नुसतं म्हणायचे, ओळखलं तुला. की हा खाली मान घालून चालता व्हायचा."

"पण ते बुद्ध होते, मावशी."

"माझा मार सुनेच्या स्वयंपाकात येतो," त्या हसल्या. "तिची आमटी माझ्यापेक्षा चांगली झाली की हजर! रोज ओळखावं लागतं मेल्याला."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. लहानपणापासून पुराणातले किती राक्षस ऐकले होते. त्यातला एखादा माझ्याच घरात चहा पिऊन जात असेल, असं कधी मनातच आलं नव्हतं.

इतक्यात पलीकडच्या मोठ्या लेण्यातून आमच्या बायकांचं भजन ऐकू आलं. मी उठून गेले. वैशालीने घाईत फार वरची पट्टी धरली होती. अंतऱ्याला तिचा आवाज फाटला आणि सगळ्या गोंधळून थांबल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी गोड, लख्ख आनंद. आणि त्याच क्षणी तो कोण आहे ते मला समजलं. ओळखलं, मी मनात म्हटलं. वाटलं होतं लाज वाटेल, पण नुसतीच हलकी झाले. वैशालीच्या मागे जाऊन बसले आणि उरलेल्या घोगऱ्या आवाजात खालचा सा धरला. दगडाने तो घुमवला. वैशालीने वळूनही न बघता तो सूर उचलला आणि भजन पुढे गेलं.

"ताई, तुम्ही नसता तर माझी वाट लागली होती," ती नंतर म्हणाली. "रागावला नव्हतात ना माझ्यावर?"

"रागावले होते गं. चांगले सहा महिने!"

दोघीही पोट धरून हसलो. मावशींना सांगायला धावले, तर त्या गेल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांना तिथे कुणी बसवलं होतं, याचा मी शोध घेत नाही; मनोमन नमस्कार करते. इतकी वर्षं देवापुढे गाताना मी माझाच आवाज ऐकत होते. त्या दुपारी, तो सोडून दिल्यावर, पहिल्यांदा मला भजन ऐकू आलं.