भुकेच्या शोधात सास्तूरपर्यंत

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक शाल, गुडघ्याला चोळायचं मलम आणि एक कोरी वही होती. प्रवासाला निघालेली शहाणी माणसं वहीत देवळं आणि किल्ले लिहितात. मला माझी भूक लिहायची होती. हसू नका, माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचं तसं फर्मानच होतं.

झालं असं की, वजन उतरवायला म्हणून मी या बाईंकडे तीन महिने जात होते आणि काटा काही जागचा हलत नव्हता. गुडघे मात्र रोज जिना उतरताना कुरकुरत होते. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "सुमनताई, तुम्हाला शेवटची कडकडून भूक कधी लागली होती?" मी हसले. मग आठवू लागले. मग हसायची थांबले. बावन्न वर्षांची बाई, दिवसातून चारदा खाणारी, आणि भूक काही आठवेना. वेळ झाली म्हणून जेवले, समोर आलं म्हणून खाल्लं, कुणी वाढलं म्हणून संपवलं, उरलं म्हणून ढकललं, हे सगळं आठवत होतं. त्यात भूक कुठेच नव्हती.

"आठवडाभर काही बंद करू नका," बाई म्हणाल्या. "फक्त खाण्याआधी लिहा, भूक कुठं लागली. पोटाला, जिभेला, डोळ्यांना, की घड्याळाला. पोटाच्या भुकेची एकदा ओळख पटली की पुढचा रस्ता आहे. नाहीतर मी तुमच्या ताटातलं किती दिवस कापत बसू?"

घरी येताना मला खरंच धास्ती वाटली. माझी भूक मेलीच असेल तर?

त्याच आठवड्यात मला मंगलकडे अणदूरला जायचं होतं. मंगल आणि मी वीस वर्षं एका ग्रंथालयात शेजारच्या टेबलांवर बसलो. निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याबरोबर त्यांच्या गावी, धाराशिव जिल्ह्यात, शेती बघायला गेली. सकाळी सोलापूरला उतरून मी एसटी धरली. स्टँडवर शेंगाचटणीच्या पुड्या बघून एक घेतली आणि वहीत पहिली नोंद केली: डोळ्यांना. नळदुर्गचा किल्ला खिडकीतून मागे गेला तेव्हा पुडी निम्मी झाली होती. दुसरी नोंद: जिभेला. आणि अणदूरच्या फाट्यावर उतरताना बारा वाजलेले बघून पोटावर हात फिरवला: घड्याळाला. एका सकाळीत तीन खोट्या भुका सापडल्या म्हणून मी भलतीच खूश होते.

मंगल घ्यायला आली होती. आधी खंडोबाला जाऊ म्हणाली, आणि देवळाच्या दारात आठवण झाल्यासारखं सांगितलं की देव सध्या नळदुर्गला आहे. वर्षातले दहा-सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि उरलेले दिवस तिकडे. देव घरी नाही हे माहीत असून आम्ही हात जोडले. देवळात हात जोडून होईतो मंगलच्या पिशवीतून केळं बाहेर आलं होतं.

मंगलच्या घरी मी दोन दिवस होते आणि त्या दोन दिवसांची वही बघण्यासारखी आहे. पोहे: मंगलला. धपाटे: मंगलला. चहाबरोबर शेव: मंगलच्या नवऱ्याला. तिथं मला भूक लागायला जागाच नव्हती, आधीचं जिरायच्या आत पुढचं ताट यायचं. नाशकात असताना अगदी छापील बोलणारी मंगल आता म्हणायची, "घे गं, येवढुशानं काय होतंय." आणि मी घ्यायची. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल, ही माझी जन्माची खोड. मला वाढणाऱ्या प्रत्येक बाईसाठी मी आजवर खाल्लंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात तीन चुली पेटलेल्या दिसल्या. "उद्या येळवस," मंगल म्हणाली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला शेतात लक्ष्मीची पूजा करून तिथंच जेवायचं. मी बेत विचारला आणि तिनं सांगितला. भज्जी (तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि चिंच बेसनात शिजवलेली). आंबील (ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ). बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. माझ्या पोटात गोळा आला. हा गोळा भुकेचा नव्हता, त्यामुळे तो वहीत लिहिला नाही.

आणि मी थाप मारली. "अगं, उद्या मला सास्तूरला जायचंय. ओळखीच्या एक बाई आहेत तिकडे."

मंगलचं तोंड एवढंसं झालं. "येळवसेला?" ती म्हणाली. मला वाटलं, सण हिच्या शेतात, मी दूर सास्तूरला, सुटले. सास्तूर हे नाव मला येताना एका एसटीच्या पाटीवर दिसलं होतं, एवढीच माझी त्या गावाशी ओळख. तिथं माझं कुणी नव्हतं. खोटं बोलल्याची शिक्षा कुणाला कशी मिळते बघा.

सकाळी नुसता चहा घेऊन निघाले. एक जीप, मग एक जवळजवळ रिकामी एसटी. साडेनऊला सास्तूरला उतरले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, कुणाच्या रानात जायलाव? परतीची गाडी पाचला हाय बरं का." मी रुबाबात मान हलवली. गाडी गेली आणि मग मला गाव दिसलं.

गावात कुणीच नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, गल्ल्या आखल्यासारख्या सरळ, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. दोन्ही टोकं मोकळी. हॉटेलाला कुलूप, किराण्याला कुलूप, घराघराला कडी. एक कुत्रं मला बघून भुंकावं की नाही याचा विचार करून परत झोपलं. येळवस ही मंगलच्या शेतातली गोष्ट नसून अख्खा मुलूख त्या दिवशी रानात असतो, हे मला तिथं उभं राहून कळलं. कपाळावर हात मारला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला इतकं हसू आलं की कुत्र्यानं पुन्हा डोळे उघडले.

दहा वाजता भूक लागली. वही काढली, लिहिलं: घड्याळाला. दहा मिनिटांत ती गेलीसुद्धा. खायला काही नसलं की भूक निघून जाते, हे मला बावन्नाव्या वर्षी समजत होतं. अकराला कचोरीची आठवण आली, तीही नाशकातल्या एका ठरावीक गाड्यावरच्या, चिंचेचं पाणी जास्त घातलेल्या. लिहिलं: जिभेला. बाटलीतलं पाणी प्यायले, कचोरी गेली. मग बसून कंटाळा आला म्हणून गावाबाहेरच्या रस्त्यानं चालू लागले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, मधे हरभऱ्याचे पट्टे, लांब रानारानांत कडब्याच्या खोप्या आणि माणसांचे आवाज.

पाऊण वाजून गेला असेल. आधी चालणं मंदावलं. मग बरगड्यांच्या खाली काहीतरी हललं, कुणी आतून हलकेच ओढल्यासारखं. मी थांबले. पाणी प्यायले. ते गेलं नाही. पुन्हा ओढ लागली, या वेळी गुरगुर करत. कचोरी आठवून बघितली, तर कचोरीच पाहिजे असं काही नव्हतं. कालची भाकरी चालली असती, नुसतं मीठ चाललं असतं, बांधावरचा हरभरा ओरबाडून खाल्ला असता. मी त्या रस्त्याच्या मधोमध पोटावर हात ठेवून उभी राहिले. भूक मेली नव्हती. इतकी वर्षं मी तिला बोलायला सवडच दिली नव्हती. डोळे भरून आले आणि हसूही येत होतं, आणि हे दोन्ही बघायला रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं.

कुणी नव्हतं असं मला वाटलं. रानातून हाक आली, "ओ ताई, कुठं निघालाव उन्हाचं? या की, जेवून जावा."

खोपीसमोर साठीच्या एक बाई उभ्या होत्या, पार्वतीबाई. त्यांचे मालक खोपीत पूजेला मांडलेल्या पाच दगडांवरचं वस्त्र सारखं करत होते. "ओळख ना पाळख, कशी येऊ?" असं मी पुटपुटले, पण पाय कधीच बांध ओलांडून गेले होते.

"येळवसेला वळख कशाला लागती?" पार्वतीबाई म्हणाल्या. "आज वाटंवरनं उपाशी माणूस गेलं तर रानाला बरं न्हाय. भूक लागली व्हय?"

"लागलीय," मी म्हणाले, आणि अभिमान आवरला नाही, "खरी लागलीय."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "खोटी बी लागती का भूक?"

मग त्यांना मी वही दाखवली, सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मालकांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं आणि दोघं हसले. "येवढ्याला वही?" त्या म्हणाल्या. "आमी आधी पाणी पितो. पाण्यानं गेली तर तहान. न्हाय गेली आन शिळी भाकर गोड लागली, तर भूक." तीन महिन्यांच्या फीचा सारांश त्यांनी बिंदगीतून (लहान घागरीतून) आंबील ओतता ओतता सांगितला.

ते जेवण मी विसरणार नाही. आंबट थंड आंबील घशाखाली उतरताना कळत होती. भज्जीत तुरीचा दाणा वेगळा लागत होता, वालाचा वेगळा. एक भाकरी, दोन वाट्या भज्जी, एक उंडा. दुसरा उंडा मोडला, आणि हात आपोआप सावकाश झाला. चव तीच होती, पण घाई गेली होती. एक बारीकसा उसासा आला. भूक जशी आली तशी जाताना मला दिसली. हे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंच नव्हतं.

आणि पार्वतीबाई तिळाची पोळी घेऊन आल्या.

"नको," मी म्हणाले. आवाज चोरटा होता. "घ्या की, येवढुशानं काय होतंय." तेच मंगलचं वाक्य. "खरंच नको." पोळी ताटावर येऊन थांबली. "माझ्यासाठी अर्धी." माझा जुना हात पुढे होणारच होता. मी तो मांडीखाली दाबला आणि म्हणाले, "पार्वतीबाई, भूक संपली. आता खाल्लं तर ते तुमच्यासाठी होईल."

मला वाटलं, आता चेहरा पडणार. त्यांनी पोळी निवांत डब्यात ठेवली. "तीनदा म्हणायचं आमचं काम," त्या म्हणाल्या. "न्हाय म्हणायचं तुमचं काम. तुमी न्हाय म्हणलाव, झालं. ह्यात राग कसला?"

आता सांगा, बावन्न वर्षं मी काय समजत होते? आग्रह म्हणजे हुकूम. मला कुणी कधी हुकूम केलाच नव्हता.

गाडी यायला वेळ होता आणि गावाकडे परतताना वाटेतल्या प्रत्येक रानातून हाक येत होती. मी प्रत्येक बांधावर थांबले, आंबिलीचा एकेक घोट घेतला आणि जेवणाला हसत हसत तीनदा नाही म्हटलं. एकाही माणसाला वाईट वाटलं नाही. चौथ्या रानात तर एका आजोबांनी दुसऱ्यांदाच सोडून दिलं, तेव्हा मीच म्हणाले, "अजून एकदा म्हणा की." ते म्हणाले, "बाई, तुमाला खायाचं हाय का न्हाय?" मी हसत हसत पुढचा बांध धरला.

अंधार पडायच्या सुमाराला अणदूरला पोचले. मंगल दारातच होती. तिनं शेतातून माझा वाटा बांधून आणला होता, केळीच्या पानात, दोऱ्यानं. "भेटल्या का तुझ्या बाई?" तिनं विचारलं. मी चप्पलही काढली नव्हती. सगळं खरं सांगून टाकलं, तुझ्या आग्रहाला भिऊन पळाले हेसुद्धा.

तिनं पुड्याचा दोरा उगाच घट्ट केला. मग म्हणाली, "मी दिवसभर तुझं पान बाजूला ठेवून बसले. नुसतं नको म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"मला म्हणता येत नव्हतं गं. आज शिकले."

तिनं पुडा सोडला. पोळी काढली. "घे." "नको मंगल." "अर्धी घे." "नको." ती माझ्याकडे बघत राहिली, डोळ्यांत पाणी आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. "माझ्यासाठी?" "तुझ्यासाठी उद्या सकाळी खाईन. भूक लागल्यावर." तिनं पुडा पुन्हा बांधला आणि म्हणाली, "बस तरी जवळ." आम्ही जवळ बसलो आणि तिनं वीस वर्षांतल्या माझ्या सगळ्या थापा मोजून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत नळदुर्ग मागे पडल्यावर बरगड्यांखाली ती ओळखीची ओढ लागली. मी आधी पाणी प्यायले. ओढ गेली नाही. मग पुडा सोडला आणि मंगलची पोळी खिडकीबाहेर बघत, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

नाशकात बाईंनी वजन केलं तर काटा चक्क थोडा वर. त्या कपाळाला आठ्या घालून वही चाळू लागल्या. येळवसेच्या पानावर थांबल्या. तिथं लिहिलं होतं: पोटाला. आली, ओळखली, जेवली, गेली.

"नंतर आली का परत?" त्यांनी विचारलं.

"रोज येते," मी म्हणाले. "कधी साडेबाराला, कधी दोनला. आता ती आल्याशिवाय मी पान घेत नाही."