काडीभर जागा

दोन वस्तू चिकटून ठेवलेल्या दिसल्या की मिस्त्री खिशातून आगपेटीची काडी काढायचे आणि मध्ये घालून पाहायचे. काडी गेली नाही तर मान हलवायचे. लग्नाच्या मांडवात दोन खुर्च्यांच्या मध्येही त्यांनी ती घातलेली मी पाहिली आहे. "काडीभर जागा पाह्यजे, बाई," म्हणायचे. "नाईतर भांडण होते."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. तो समोर असतो तेव्हा आपण हसतो.

नव्वदीच्या दशकात चंद्रपुरात यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती बनवणारं आमचं छोटंसं मॉडेल मंडळ होतं. खाणीतले दोन फिटर, एक वेल्डर, एक घड्याळवाले, भूमितीचे एक मास्तर आणि चिटणीस मी. नोकरी आयटीआयच्या ऑफिसात, त्यामुळे याद्या करण्याची सवय. रेल्वेची छोटी लाइन उखडून मोठी आली, त्या सुमारास मिस्त्री आमच्याकडे आले. वाफेची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांना मंडळाच्या कामांची यादी वाचून दाखवली: विमान, पवनचक्की, कारंजं.

"यात रेल्वे कुठी हाये?"

मी चौथ्या क्रमांकावर लिहिली.

"वर लिहा, बाई."

तीन वर्षं लागली. इंजिन झालं पत्र्याच्या ट्रंकेएवढं, पण पोटात खरा कोळसा, खरी वाफ, आणि मागे माणसं बसतील असे ठेंगणे डबे. बॉयलरची चाचणी होती त्या दिवशी आम्ही सगळे कडुनिंबामागे उभे होतो आणि मिस्त्री इंजिनाशेजारी चहा पीत बसले होते. मास्तर झाडामागून म्हणाले, "मिस्त्री, सरका की जरा." मिस्त्री म्हणाले, "मी सरकलो तर त्याले वाटन याले भेव लागते."

नगरपालिकेच्या बागेत रुळांची गोल फेरी टाकायला एका वर्षाची परवानगी मिळाली. वर्षअखेर बागेचे साहेब येणार, गाडीत बसणार आणि ठरवणार: गाडी ठेवायची, की रूळ उखडून तिथे फुलझाडं लावायची. मिस्त्री एवढंच म्हणाले, "एक लाइन उखडताना पाह्यली. आता पुन्हा नाई पाहात."

रुळाच्या प्रत्येक सांध्यात त्यांनी काडीभर फट ठेवली होती. त्यामुळे गाडी खडखडायची आणि बसणारे तक्रार करायचे. माझ्या यादीत पहिलंच कलम होतं: धक्के बंद करणे. जानेवारीत मिस्त्री आठवडाभर राजुऱ्याला मुलीकडे गेले. मी दोन मजूर लावले, सांधे सैल केले, पहारीनं रूळ एकमेकांना भिडवले आणि शेवटी उरलेल्या जागेत रुळाचा चार बोटांचा तुकडा बसवला. गाडी लोण्यासारखी चालू लागली. मी कलमापुढे बरोबरची खूण केली. परत आल्यावर मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि उतरून इंजिन पुसायला लागले. मला वाटलं, खूश झाले.

साहेब आले मे महिन्यात. चंद्रपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. सकाळी नऊ वाजताच चिंचेखालच्या वळणावर रूळ फुगून नागासारखा वाकडा झाला होता. साहेब साडेदहाला येणार होते.

मिस्त्री म्हणाले, "बारदाने आणा. कूलरचं पाणी आणा." ओल्या बारदान्यांखाली रूळ जरा आखडला, तसा त्यांनी माझा चार बोटांचा तुकडा ठोकून बाहेर काढला. मग आम्ही पहारी घेऊन सांधे मोकळे करत निघालो. साहेब पोचले तेव्हा मास्तर झारीनं रुळांना पाणी घालत होते.

"हे काय करून राह्यले?" साहेबांनी विचारलं.

"उन्हाळा हाये, साहेब," मिस्त्री म्हणाले. "त्याले बी तहान लागते." मग गंभीर होऊन म्हणाले, "माही चूक झाली. फट ठेवाची राह्यली."

मी तिथेच उभी होते.

साहेब बसले. तीन फेऱ्या झाल्या. पांढऱ्या सफारीवर कोळशाचे ठिपके घेऊन उतरले आणि म्हणाले, "खडखडते, पण मजा येते." परवानगी मिळाली.

पुढे मिस्त्री राजुऱ्यालाच राहायला गेले. मी भेटायला गेले, तेव्हा अंगणात बाजेवर बसले होते. म्हटलं, "मिस्त्री, त्या फटी मी बुजवल्या होत्या."

"मालूम हाये. पह्यल्या फेरीतच समजलं."

"मग तेव्हाच काऊन नाई बोलले?"

"तुमी किती खूश होत्या, बाई. म्हटलं, उन्हाळा सांगन." मग हसले. "तो जरा जोरानंच बोलला."

"आणि साहेबांसमोर?"

"साहेबाले लाइन पाहाची होती. भांडण दाखवून काय फायदा?"

मिस्त्री वारल्याची बातमी आली त्या रविवारी बागेत पोरांची रांग लागली होती. गाडी बंद ठेवावी, असं मास्तर म्हणाले. मी नाही म्हटलं. इंजिन पेटवलं, मास्तरांना चालवायला बसवलं आणि अंधार पडेपर्यंत एकही फेरी चुकू दिली नाही. वळणावर शिट्टी द्यायची असते. ती मात्र त्या दिवशी कोणी दिली नाही; तेवढी काडीभर जागा ठेवली.