सेल्वाचा जोडीदार

वकिलाच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. बरेचसे मी विसरतो. हा विसरता आला नाही.

मी वकील मृणालताईंच्या फायली कोर्टात नेतो-आणतो. शिक्षण चौथी. भुताखेतांवर विश्वास नाही. सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोच्या गर्दीत, कोणी ढकललं तरी मी जागचा सरकत नाही. तेव्हा हसायचं तर आत्ताच हसून घ्या!

*

सेल्वा आमचा अशील. बुकित बातोकच्या इमारतींत, लिफ्टमध्ये चाकू दाखवून म्हाताऱ्या बायकांना लुटायचा. तिसऱ्यांदा सापडला, बारा वर्षांची शिक्षा लागली. शिक्षा फार कडक आहे म्हणून ताईंनी अपील केलं. तुरुंगात जाऊन त्याला बजावलं, "अपिलात शिक्षा वाढूही शकते हं."

"वाढू दे मॅडम. पण त्यालाही द्या!"

"कोणाला?"

"माझ्याबरोबर होता त्याला."

पोलिसांच्या कागदांत सेल्वा एकटाच होता.

*

ताईंनी लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आधी बाई आत गेली. मागून सेल्वा. दार मिटायला लागलं तसा त्याने मध्ये पाय घातला. थांबला. मग कोपऱ्यात सरकला. दार मिटल्यावर चाकू काढला.

"वाट कोणाची बघत होता?" मी विचारलं.

ताईंनी लॅपटॉप मिटला. "काका, चहा टाका."

*

सेल्वाची आई ऑफिसात आली. ऐंशीच्या पुढची. एकच विचारत होती, "मी असेपर्यंत सुटेल ना?"

ताईंनी फाईल चाळली. मी तीन चहा आणले. म्हातारीने शेजारची रिकामी खुर्ची जवळ ओढली.

"आणखी एक आण. बिनसाखरेचा."

आणला. त्याला कोणी हात लावला नाही. उचलायला गेलो तर कप रिकामा!

*

अपिलाचा दिवस. सेल्वा आरोपीच्या जागेत एका कडेला चिकटून उभा. जज म्हणाले, "नीट मध्ये उभे राहा."

"जागा नाही, सर!"

कोणी हसलं नाही. अपील फेटाळलं. बारा वर्षं कायम. म्हातारीने पदर सावरला आणि उठली.

पोलीस सेल्वाला नेऊ लागले. दारात तो वळला आणि लहान पोरासारखा मोकळा हसला.

"मॅडम, एकटाच चाललो!"

ताई, म्हातारी आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटायला लागलं. ताईंनी मध्ये पाय घातला.

"ताई, कोण यायचंय?"

"काका, जरा सरका ना."

मी सरकलो.