गोदाबाईंचं मराठी कुलूप

तिरुवल्लिकेणीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून गोदाबाई आता पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये लेक-सुनेजवळ राहत होत्या. घराणं तंजावरचं मराठी. बाहेरचे सगळे व्यवहार तमिळमध्ये, पण खाजगी बोलायचं ते मराठीत, आणि तेही चारचौघांत, खणखणीत आवाजात. भाजीवाल्याच्या तोंडावर "ह्याची वांगी किडकी आहेत गे!" म्हणायचं आणि त्याच्याकडेच बघून गोड हसायचं. इथं कोणाला कळतंय?

नात झाली, तेव्हा बेबी मॉनिटर आणायचं ठरलं. एक डबी पाळण्याशी, दुसरी स्वयंपाकघरात. बाळ रडलं की ऐकू येतं. सून हरिणी म्हणाली, "अत्ते, आवाज कुलूपबंद करून पाठवणारा घेऊ. साध्यावरचं बोलणं शेजारीसुद्धा ऐकू शकतात."

"ऐकेनात का! आमचं मराठी हेच कुलूप," म्हणत गोदाबाईंनी स्वस्तातला उचलला. मग रोज दुपारी पाळणा हलवत, अंगाई म्हणत त्या नातीपाशी मन मोकळं करू लागल्या; वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या कपड्यांची तक्रारही तिच्यापाशीच.

एके दिवशी वरच्या मजल्यावरची संयुक्ता दारात उभी राहिली. गोदाबाई तिला उत्तरेकडची समजत.

"काकू, मी हल्ली कपडे नीट पिळून वाळत घालते," ती चाचरत म्हणाली. तीही मराठीत! "मी साताऱ्याची. माझ्याकडे असाच मॉनिटर आहे. तुमचं सगळं माझ्या डबीत येतं. तांदळाच्या डब्यातल्या बांगड्यासुद्धा."

गोदाबाईंनी पटकन मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं. नातीसाठी ठेवलेल्या त्या चार सोन्याच्या बांगड्यांचं त्यांनी पोटच्या लेकालाही सांगितलं नव्हतं. आणखी कोणी ऐकलं असेल, देव जाणे! भीतीमागून राग आला.

"अन् तू ऐकत बसलीस?"

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण तुमची अंगाई लागली की माझी पोर झोपते. मलाही घरी असल्यासारखं वाटतं."

गोदाबाईंनी दार लावलं. संध्याकाळपर्यंत बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या, हरिणीच्या पसंतीचा मॉनिटर आला आणि वायफायचा पासवर्ड, जो घरच्या आडनावाचाच, कोणालाही ओळखता येण्यासारखा होता, तोही बदलला. वापर नसला की मॉनिटर बंद ठेवायचा, हेही ठरलं.

दुसऱ्या दुपारी अंगाई वर पोचलीच नाही; तिथून पोरीचं रडणं थांबेचना. गोदाबाईंना राहवेना. नातीला कडेवर घेऊन, धापा टाकत त्या जिना चढल्या.

"रोज पोरीस घेऊन खाली ये गे," त्या संयुक्ताला म्हणाल्या. "पण चोरून ऐकायचं नाही. दार वाजवून यायचं."