कागदावरचं घरचं नाव

शालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसाकातल्या आमच्या घरात कचरा वेगळा करत बसले होते. "सकाळी गेली गं..." त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, एवढंच म्हणाले. हातातली बाटली मी नेमकी चुकीच्या पिशवीत टाकली. ताई असत्या तर त्यांनी ती बाहेर काढायला लावली असती. ब्याण्णव साली मी लग्न होऊन इथे आले. ताई माझ्या कितीतरी आधीपासून इथे होत्या; इथला कचरा, बाजार आणि भाषा मला त्यांनीच शिकवली. त्या फार रागवायच्या, आणि मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. आमचं जमलं ते भांडूनच.

मी आल्याच्या पुढच्याच वर्षी, इथे शिकायला आलेला साताऱ्याचा मिलिंद त्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. चोवीस वर्षांचा मुलगा, कसला आजार नाही. शवपरीक्षा झाली आणि पहिल्या दाखल्यावर मृत्यूच्या कारणापुढे 'अज्ञात' असं आलं. तपासण्या पूर्ण व्हायच्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण साताऱ्यात त्या शब्दाला पाय फुटले. पोरानं जीव दिला असणार, असं लोक त्याच्या विधवा आईच्या तोंडावर बोलू लागले. तिचं ताईंना पत्र आलं : काय झालं ते मला कळू द्या, मग ते काहीही असो.

तिचं अधिकारपत्र मागवून ताई मला सोबत घेऊन कचेरीत गेल्या. शवपरीक्षेचा पूर्ण अहवाल तयार होता, पण तो फक्त कुटुंबाला मिळणार, आणि अधिकारपत्र देणारी बाई त्याची आईच आहे याचा पुरावा हवा. खिडकीतले गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "कोसेकी आणा." कोसेकी म्हणजे कोण कुणाचं ते सांगणारी, इथल्या प्रत्येक घराची सरकारी नोंद. आपल्याकडे असं काही नसतं हे त्यांना पटेना. शेवटी ताईंनी साताऱ्याहून रेशनकार्ड मागवलं. मी कपाळावर हात मारला. "अहो ताई, साखर-रॉकेलचं कार्ड दाखवणार तुम्ही त्यांना?"

"घरात कोण कोण आहे ते लिहिलंय ना त्यात? मग झालं तर!"

कार्ड आलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. त्या सरळ बाईनं स्वतः जाऊन मुलाचं नाव कमी करून घेतलं होतं. नवऱ्याच्या नावावर जुनी काट, मुलाच्या नावावर ताजी, खाली ती एकटी. ताईंनी भाषांतर जोडून कार्ड तसंच पुढे केलं. त्या गृहस्थांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं... मग म्हणाले, "आमच्या कोसेकीतही गेलेल्याच्या नावावर अशीच काट मारतात." आणि अहवालाची प्रत काढायला आत गेले.

जन्मापासून हृदयात दोष होता, कुणाच्या लक्षात न आलेला. विषाचा अंश नाही. मिलिंद झोपेतच गेला होता. ताईंनी घरी येऊन लगेच साताऱ्याला फोन लावला. आई खूप रडली, मग शांत झाली आणि तिनं विचारलं, "जेवला होता का हो?" ताईंनी पानं उलटून पोटाच्या तपासणीची ओळ शोधली. "हो. भात आणि वाटाणे. पोटभर जेवून झोपला होता." 'पोटभर' हा शब्द अहवालात कुठेच नव्हता. तेवढ्या वेळी मी भांडले नाही.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "घरी काय म्हणायचात त्याला?" बाळू, असं उत्तर आलं. भाषांतर लिहिताना जिथे जिथे 'सदर मृतदेह' होतं तिथे त्यांनी 'बाळू' लिहिलं. बाळूची उंची, बाळूचं हृदय. भाषांतर असं करत नाहीत, मी म्हटलं. "आईला वाचायचंय हे, कोर्टाला नाही," त्या म्हणाल्या आणि गाणं गुणगुणत पुढे लिहीत राहिल्या. नंतर आणखी चार-पाच घरांसाठी त्यांनी असे कागद मिळवले. असा कागद पोस्टात टाकून आलेल्या ताईंइतकं समाधानी माणूस मी पाहिलेलं नाही. मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी ताईंच्या मृत्यूचा दाखला माझ्यापुढे ठेवला. पुण्यातल्या त्यांच्या थोरल्या भावाला तो मराठीत हवा होता. "ते काय म्हणायचे ताईंना?" मी विचारलं. भाऊजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "शालू."

मी त्यांना जन्मात एकेरी हाक मारली नव्हती. पेन उघडून लिहायला बसले. शालूला आठवडाभर ताप होता. शालूच्या फुप्फुसात पाणी झालं. आदल्या संध्याकाळी शालूनं आल्याचा चहा मागून घेतला आणि तो कपभर प्याली. ही शेवटची ओळ दाखल्यात नाही. ती मी घातली.